दृष्टी हीच काठी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक भाषणाचा लेखी पाठ)



कोणत्याही संस्थेच्या आयुष्यात सुवर्णमहोत्सव हा कृतज्ञतेचा क्षण असतो. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी दारोदार फिरून निधी गोळा केला, बांधकामावर उभे राहून विटा मोजल्या, पर्युषणात पहाटेपासून रात्रीपर्यंत धावपळ केली, त्या पिढीतील जी मंडळी आज आपल्यात आहेत ती पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात पोहोचली आहेत. त्यांचे सत्कार होतात, त्यांना शाल व श्रीफळ अर्पण केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु व्यासपीठाच्या तीन पायऱ्या ते कशा चढतील, सत्कारानंतर खुर्चीपर्यंत कसे परततील, घरी रात्री उठून न्हाणीघरापर्यंत कसे जातील, याचा विचार हाही कृतज्ञतेचाच भाग होय. म्हणून आजचा विषय पावलांचा आणि डोळ्यांचा आहे. पार्किन्सन्स, म्हणजे ज्यास आपल्याकडे कंपवात म्हणतात, त्या आजारात माणसाची चाल आणि तोल डोळ्यांवर किती विसंबून राहतात, आणि ही गोष्ट ठाऊक नसल्याने घरोघरी किती गैरसमज होतात, हे येथे पाहावयाचे आहे.

असे एक दृश्य डोळ्यांसमोर आणावे. घरातील वडीलधारे गृहस्थ माडीवरून खाली येत आहेत. जिन्याच्या बारा पायऱ्या ते एकामागून एक, न अडखळता उतरतात. शेवटची पायरी संपते, समोर सपाट फरशी येते, आणि त्यांचे पाय जणू जमिनीला खिळतात. वरचे शरीर पुढे झुकते, पावले मात्र जागच्या जागी थरथरतात. मुलगा चिडून म्हणतो, "बाबा, जिना उतरताना पाय चालतात, मग इथेच काय होते ?" शेजारी हळूच म्हणतात, म्हातारपणी लक्ष वेधून घेण्याची सवय लागते. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाला खोटे माप दिले नाही, त्याच्यावर उतारवयात ढोंगाचा आळ येतो, आणि आपल्याला नेमके काय होते हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. हा आळ सर्वस्वी निराधार आहे. जिना उतरणे आणि सपाट जागी अडणे हे त्या आजाराचेच एक लक्षण आहे. एवढे जरी आज प्रत्येकाने घरी नेले, तरी या भाषणाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.

ही गोष्ट कल्पनेतील नव्हे. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या तरुण वस्तुरचनाकार महिलेने आपल्या काकांच्या बाबतीत हेच पाहिले. मोठ्या कुटुंबात सर्वांचे लाडके असलेले हे काका पार्किन्सन्समुळे हळूहळू लोकांत मिसळेनासे झाले. सपाट जमिनीवर त्यांना वॉकरवाचून चालता येत नसे. परंतु तेच काका जिना मात्र सहज चढत-उतरत असत. इतरांनी ज्या गोष्टीचे केवळ नवल केले असते, तिच्यावर या पुतणीने विचार केला. पायऱ्यांमुळे जर पाऊल सुटत असेल, तर सपाट जमिनीलाच पायऱ्यांचे रूप का देऊ नये ? तिने जिन्याचे चित्र काढून ते जमिनीवर अंथरले. चित्रातल्या पायऱ्यांना उंची नव्हती, खोली नव्हती, केवळ रेषा होत्या. आणि काका त्या चित्रावरून वॉकर बाजूला ठेवून चालत गेले. चित्र संपले तेथे त्यांचे पाय पुन्हा खिळले. २०१५ साली नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे दिलेल्या व्याख्यानात तिने हा अनुभव जगासमोर मांडला. हात थरथरत असतानाही चहा सांडू नये म्हणून काठाशी आत वळलेला एक पेलाही तिने तयार केला होता. प्रत्येक अडचणीला मोठे यंत्रच लागते असे नाही, माणसाकडे बारकाईने पाहिले तर साधा उपायही सापडतो, हा तिच्या सांगण्याचा आशय होता.

नेदरलँड्समध्येच २०१० साली अशीच दुसरी हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. दहा वर्षे पार्किन्सन्स असलेले ५८ वर्षांचे एक गृहस्थ काही पावलांत अडखळून पडत, पण सायकलवर बसवताच ती व्यवस्थित चालवीत, आणि उतरताच पुन्हा जागीच अडत. तेव्हा पायांत बळ नाही असे म्हणता येत नाही. बळ आहे, इच्छाही आहे. मग उणे काय आहे ?

हे समजण्यासाठी आजाराचे थोडे स्वरूप जाणून घेणे आवश्यक आहे. १८१७ साली लंडनमधील जेम्स पार्किन्सन या वैद्याने कंपयुक्त पक्षाघातावर एक छोटा प्रबंध लिहिला. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन होते, आणि त्यांपैकी काही तर त्यांनी रस्त्यावरच पाहिलेले होते. पुढे झुकलेले शरीर, आखूड पावले आणि चालता चालता नकळत धावू लागण्याची प्रवृत्ती त्यांनी अचूक टिपली. पुढे या आजारास त्यांचेच नाव मिळाले, आणि ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस आज जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता. तो बहुधा साठीनंतर दिसू लागतो, तरुण वयातही अपवादाने होतो.

मेंदूच्या खोल भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. पेशी झडत गेल्या की हे द्रव्य कमी पडते. मग हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, पुष्कळांचे हात विश्रांतीत असताना थरथरतात, अक्षर बारीक होते, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. सर्वांनाच कंप असतो असे मात्र नाही. कंप नसलेल्या रुग्णाचे निदान पुष्कळदा उशिरा होते, कारण घरचे लोक त्या मंदपणाला वार्धक्य समजतात.

आता चालण्याकडे वळू. निरोगी माणूस चालताना पावलांचा विचार करीत नाही. कापडाच्या दुकानातील अनुभवी माणूस ग्राहकाशी बोलता बोलता थान उलगडतो, मीटरपट्टीवर कापड मोजतो, आणि त्याचे हात न चुकता चालतात. तो प्रत्येक मीटरला विचार करीत बसत नाही, कारण सवयीने ते काम मेंदूच्या खोल भागाकडे सोपविलेले असते. चालणेही तसेच आहे. पुढचे पाऊल केव्हा टाकायचे, किती लांब टाकायचे, याचा आतला ठोका मेंदू स्वतःच देत असतो. पार्किन्सन्समध्ये नेमका हा आतला ठोका क्षीण होतो. पावले आखूड होत जातात आणि एखाद्या क्षणी थांबतात. परंतु मेंदूत चालण्याचा दुसराही मार्ग असतो. समोर काही दिसले, उदाहरणार्थ ओलांडण्याजोगी एखादी रेषा, तर डोळ्यांकडून आलेली सूचना निराळ्या वाटेने पायांपर्यंत जाते. आतला मुनीम थकला असता मालकाने स्वतः गादीवर बसून व्यवहार पाहावा, तसा हा प्रकार आहे. काम होते, पण त्यासाठी मालकाला जातीने लक्ष घालावे लागते. जिन्याची प्रत्येक पायरी ही अशीच एक रेषा आहे. ती डोळ्यांना सांगते, येथे पाय ठेवा. सपाट फरशी मात्र काहीच सांगत नाही.

तोलाचेही असेच आहे. शरीराचा तोल तीन साक्षीदारांच्या आधारे सांभाळला जातो. पहिला साक्षीदार डोळे, दुसरा कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय, आणि तिसरा तळपाय व सांधे, जे शरीर कोठे झुकले आहे याची वार्ता देतात. दुकानात रोजमेळ, खतावणी आणि साठ्याची वही यांचा मेळ बसला की व्यवहार निर्धास्त चालतो. त्यांपैकी एका वहीतील नोंदी पुसट झाल्या तर व्यापारी उरलेल्या वह्यांवर अधिक विसंबतो. पार्किन्सन्समध्ये स्नायू व सांध्यांकडून येणाऱ्या वार्तेचा अर्थ मेंदूस नीट लागत नाही. रुग्णाला वाटते आपण पाऊल पुरेसे टाकले, हात पुरेसा लांब केला, प्रत्यक्षात ती हालचाल आखूडच भरते. स्वतःचा हात दिसत नसेल तेव्हा ही तूट अधिक वाढते, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणून रुग्ण नकळत डोळ्यांचा आधार घेऊ लागतो. दिवसा उजेडी घरभर वावरणारा माणूस रात्री दिवा गेल्यावर अचानक पडतो, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. उजेड गेला की त्याचा मुख्य साक्षीदारच नाहीसा होतो.

या गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास बराच जुना आहे. लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शरीराची ठेवण व तोल यांचा सखोल विचार केला. जमिनीवर चालण्याच्या दिशेला आडव्या रेषा आखल्या असता खिळलेला रुग्ण त्या ओलांडीत चालू लागतो, हे त्यांनी नोंदविले. पुढे ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे मेग मॉरिस, रॉबर्ट आयन्सेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात रुग्णांच्या पावलांची मोजमापे घेतली. जमिनीवर योग्य अंतरावर पट्ट्या ठेवल्या असता रुग्णांच्या पावलाची लांबी जवळजवळ निरोगी माणसाइतकी झाली. लांब पाऊल टाकण्याची क्षमता नष्ट झालेली नव्हती, ती केवळ जागी करावी लागत होती. परंतु चालताना त्यांना दुसऱ्या कामात गुंतविले की पाऊल पुन्हा आखूड होई. फ्रान्समधील आझुले व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली आणखी एक बाब पुढे आणली. क्षणोक्षणी लागणाऱ्या व विझणाऱ्या उजेडात त्याच रेषांचा उपयोग होईनासा झाला. म्हणजे रेषा नुसती दिसून भागत नाही. आपण पुढे जात असता ती आपल्याकडे सरकताना दिसली पाहिजे. यावरून घरातील उजेड पुरेसा आणि स्थिर असणे किती महत्त्वाचे, हे सहज ध्यानात येईल. लुकलुकणारी ट्यूबलाईट ही निरोगी माणसासाठी केवळ कटकट असते, या रुग्णासाठी ती आधार हिरावून घेणारी गोष्ट ठरू शकते.

येथवर डोळ्यांचे उपकार सांगितले. परंतु एकाच आधारावर सारा भार टाकला की त्यातील दोषही पदरात घ्यावे लागतात. पहिली गोष्ट दाराची. दार पुरेसे रुंद असूनही पुष्कळ रुग्ण नेमके चौकटीत खिळतात. दोन्ही बाजूंची चौकट डोळ्यांना दिसली की जागा अरुंद आहे अशी सूचना मेंदूला जाते व पाऊल आखडते. टेबल-खुर्च्यांची दाटी, बाजारातली गर्दी, समोरून अंगावर येणारी माणसे यांचाही परिणाम तसाच होतो. दुसरी गोष्ट डोळ्यांच्या स्वतःच्या दुबळेपणाची. डोळ्याच्या आतील पडद्यालाही डोपामिन लागते. ते कमी झाले की फिकट व गडद यांतील भेद पुसट होतो. करड्या शहाबादी फरशीची करडी पायरी तिन्हीसांजेला अशा माणसाला वेगळी दिसतच नाही. पापण्या कमी लवल्याने डोळे कोरडे पडतात. जवळचे पाहताना काहींना एकाची दोन दिसतात. त्यात मोतीबिंदूची भर पडली तर आधीच पुसट असलेली वही अधिकच पुसट होते. म्हणून या रुग्णाने डोळ्यांची तपासणी पुढे ढकलू नये. वाचनाचा भाग खाली जोडलेला चष्मा घालून जिना उतरणे हेही धोक्याचे असते, कारण नेमकी पायरी त्या खालच्या भागातून धूसर दिसते. जिन्यासाठी केवळ दूरचा वेगळा चष्मा असावा की नाही, हे नेत्रतज्ज्ञास अवश्य विचारावे.

डोळ्यांनी चालणे ही कल्पना आपल्या समाजाला नवी नाही. साधूंच्या पाच समितींत पहिली ईर्यासमिती आहे. पुढची सुमारे चार हात भूमी पाहत, दिवसाच्या उजेडात, रुळलेल्या वाटेने, सावकाश चालावे असा तिचा दंडक आहे. चालत असता मन इतरत्र जाऊ नये म्हणून उत्तराध्ययन सूत्रात त्या वेळी स्वाध्यायदेखील वर्ज्य सांगितला आहे. या नियमाचा हेतू जीवरक्षा हा आहे, रोगचिकित्सा नव्हे, आणि प्राचीन आचार्यांना हा आजार ठाऊक होता असा दावा करण्याचेही कारण नाही. परंतु चालणे ही लक्षपूर्वक करण्याची क्रिया आहे, हा संस्कार ज्या समाजात आहे, त्याला रुग्णाची स्थिती समजणे सोपे जावे. उजेड, चार हात पुढे नजर, आणि चालताना दुसरे काही नाही, या तिन्ही गोष्टी त्या रुग्णाला नेमक्या उपयोगी पडतात. पायांच्या अंगठ्याकडे पाहत चालले तर मान व पाठ अधिकच वाकते. नजर थोडी पुढे ठेवली तर शरीर सरळ राहते व पुढची रेषाही दिसते. साधू जे व्रत म्हणून स्वेच्छेने पाळतात, ते या माणसाला प्रत्येक पावलावर सक्तीने पाळावे लागते. त्याचे श्रम त्यावरून ओळखावेत.

आता घरात काय करता येईल ते पाहू. वरवट बकाल आणि आसपासच्या गावांतील जुन्या घरांचे उंबरे उंच, ओसरी व माजघर अंधारे आणि न्हाणीघर मागच्या अंगाला, अशी रचना सर्वांच्या परिचयाची आहे. घर पाडून नवे बांधण्याची आवश्यकता नाही. खाटेपासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद पण स्थिर दिवा असावा, आणि वीज गेल्यास आपोआप लागणारा बॅटरीचा दिवा त्याच वाटेवर टांगावा. जेथे पाय वारंवार खिळतात तेथे, विशेषतः दारात व वळणावर, फरशीच्या रंगाहून अगदी निराळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या लावाव्यात. काळ्या फरशीवर पिवळी वा पांढरी, पांढऱ्या फरशीवर गडद. दोन पट्ट्यांतील अंतर रुग्णाच्या उंचीनुसार ठरते, ते भौतिकोपचारतज्ज्ञाकडून पाहून घेतलेले बरे. पट्ट्या पक्क्या चिकटलेल्या असाव्यात. कापडाच्या पट्ट्या वा सुटी सतरंजी अंथरून हा प्रयोग कुणीही करू नये, कारण सरकलेले कापड म्हणजे पडण्याला आमंत्रण. दारातील पायपुसणी उचलून ठेवावीत. प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक रंगाची रेघ ओढावी. वाटेतील स्टूल, बादल्या, दोऱ्या व वायरी काढाव्यात.

रुग्णाशी कसे वागावे, हे त्याहून महत्त्वाचे आहे. पाय खिळले असता हात धरून ओढणे ही सर्वांत मोठी चूक होय. शरीर पुढे येते, पाय मागेच राहतात, आणि माणूस तोंडावर पडतो. घाईही करू नये, कारण घाईने पाय अधिक घट्ट खिळतात. शांतपणे म्हणावे, "बाबा, थांबा. सरळ उभे राहा. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घ्या." मग आपले पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवे ठेवावे आणि ते ओलांडण्यास सांगावे. जे पाऊल दहा वेळा आज्ञा देऊन निघत नाही, ते पुष्कळदा समोरचे पाऊल ओलांडण्यासाठी सहज उचलले जाते. रेषा नसेल तर फरशीचा सांधा दाखवावा. काहींना एक-दोन, एक-दोन असा ठोका ऐकूनही पाऊल सुटते. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठे वळसेदार वळण घ्यावे. चालताना त्यांना प्रश्न विचारू नये. काही बोलावयाचे असेल तर ते थांबल्यावर बोलावे. त्यांच्या दोन्ही हातांत पूजेचे ताट वा चहाचा पेला देऊ नये. आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत आधी ध्यानात ठेवण्याचे म्हणजे, "मघाशी तर चालत होतात" हे वाक्य घरातून कायमचे हद्दपार करावे.

हे उपाय प्रत्येकाला सारखेच लागू पडतील असे नाही. कुणाला रेषांनी लाभ होतो, कुणाला ठोक्याने, कुणाला दोहोंनीही फारसा होत नाही. आजार वाढत जातो तसे उपायही बदलावे लागतात. ज्याची समज कमी झाली आहे त्याला जमिनीवरील पट्ट्या गोंधळातही टाकू शकतात. म्हणून रुग्णाला पहिल्या वेळी एकट्याने पट्ट्यांवरून चालू देऊ नये, कुणीतरी बाजूस असावे.

डोळ्यांचा आधार हा औषधाला पर्याय नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. शरीरात डोपामिनमध्ये रूपांतरित होणारे लेव्होडोपा हे औषध १९६० च्या दशकात उपचारात आले आणि आजही तेच मुख्य औषध आहे. मेंदूतील डोपामिनच्या कार्यावरील संशोधनासाठी स्वीडनचे आर्विद कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या परिसरात ओळखीची असलेली खाजकुहिली, म्हणजे कवचबीज, हिच्या बियांतही लेव्होडोपा असते. परंतु म्हणून चूर्ण आणून आपल्या मनाने घेणे योग्य नाही, कारण गोळ्यांच्या जोडीला घेतल्यास मात्रा किती झाली याचा हिशेबच राहत नाही. गोळी जेवणाच्या साधारण अर्धा ते एक तास आधी घेण्यास सांगतात, कारण डाळी व दुधातील प्रथिनांमुळे तिचा गुण कमी पडतो. आपल्या समाजात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो, तो उपवासाचा व रात्री पाणीही न घेण्याच्या व्रताचा. या गोळ्या अचानक बंद केल्यास प्रकृती गंभीर होऊ शकते. म्हणून पर्युषणापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि आपल्या गुरुमहाराजांनाही आजाराची कल्पना द्यावी. तप शक्तीनुसार असते, हे सांगण्यासाठी कुणा पंडिताची आवश्यकता नाही.

अशा रुग्णांना एकटे पाडू नये, यासाठी महाराष्ट्रात चांगले काम झालेले आहे. मुंबईत २००१ साली ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. बी. एस. सिंघल यांच्या पुढाकाराने पार्किन्सन्स रुग्णांसाठी सोसायटी स्थापन झाली व तिचे आधारगट ठिकठिकाणी उभे राहिले. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांचा स्वमदत गट आहे. पुण्यातीलच नृत्यकार ऋषिकेश पवार यांनी अशा रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालविले. जे पाय सपाट जमिनीवर अडतात, ते संगीताच्या ठेक्यावर आणि समोरच्या माणसाची हालचाल पाहून सुटतात, हे त्यातून अनेकांनी अनुभवले. येथेही तत्त्व तेच, आतला ठोका क्षीण झाला तर बाहेरून ठोका द्यावा.

वरवट बकालमध्ये अशी सोय नाही. मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावयाचे तर बहुधा अकोल्याची वाट धरावी लागते. परंतु पिवळी चिकटपट्टी आणि एक दिवा यांसाठी अकोल्यास जावे लागत नाही. सुवर्णमहोत्सवानिमित्त संस्थेने एवढे केले तरी पुष्कळ होईल. मंदिर वा स्थानकाच्या पायऱ्यांच्या कडा ठळक रंगाने रंगवाव्यात. पायऱ्यांना एका बाजूस मजबूत कठडा असावा. विदर्भातील रखरखीत उन्हातून मंदावलेल्या उजेडात पाऊल टाकताना वृद्धांचे डोळे काही क्षण काहीच पाहू शकत नाहीत, म्हणून दाराजवळच टेकण्यासाठी एक बाक आणि वर एक चांगला दिवा असावा. सभागृहात खुर्च्यांच्या रांगांत रुंद वाट मोकळी ठेवावी. तरुणांनी रविवारी चार घरी जाऊन वाट मोकळी करून द्यावी आणि पट्ट्या चिकटवून द्याव्यात. खर्च नगण्य आहे, पुण्य मात्र मोठे आहे.

मित्रहो, एका पुतणीने काकांच्या पायांकडे प्रेमाने व लक्षपूर्वक पाहिले, आणि जी गोष्ट इतरांना विसंगती वाटली असती तिच्यातून तिला मार्ग दिसला. डोळ्यांचा आधार रुग्णालाच लागतो असे नाही. त्याच्या घरच्यांनाही दृष्टी लागते. ती दृष्टी असेल तर ढोंग दिसत नाही, धडपड दिसते. ज्या वडीलधाऱ्यांनी एके काळी बोट धरून आपल्याला पहिले पाऊल टाकावयास शिकविले, त्यांच्या अडलेल्या पावलापुढे एक रेषा ओढून देणे, एवढे ऋण प्रत्येक घराला फेडता येईल.